आधी शेवाळ, मग प्रवाळ

खाऱ्या पाण्याच्या नव्या टाकीत प्रवाळ वाढवण्याचा बेत केला, की त्या टाकीत सर्वांत आधी आणि सर्वांत जोमाने जे वाढतं ते शेवाळ. त्याला कोणी बोलावलेलं नसतं, त्याचे पैसे कोणी मोजलेले नसतात, त्याला वेगळं खाणं घालावं लागत नाही आणि ते कधी आजारी पडत नाही. टाकीतल्या बाकी सर्व जिवांबाबत या चारही गोष्टी नेमक्या उलट असतात. साधारण दुसऱ्या आठवड्यात सुरू होऊन सहा-आठ महिने, कधी वर्षभर चालणाऱ्या या काळाला हौशी मंडळी ‘अग्ली फेज’ म्हणतात. मराठीत त्याला नेमका शब्द नाही. पण नव्या फ्लॅटचा ताबा मिळाल्यापासून वरच्या मजल्यावरचं फरशीचं काम संपेपर्यंतचे दिवस ज्यांनी काढले आहेत, त्यांना वेगळा अर्थ सांगावा लागत नाही.

शेवाळ हा शब्द या क्षेत्रात फार सैल वापरला जातो. काचेवरची तपकिरी भुकटी, दगडाला फुटलेले हिरवे केस, वाळूवरची जांभळट लाल साय, बुडबुडे धरलेला तपकिरी शेंबूड, कपारीत बसलेल्या हिरव्या गोट्या हे सगळं शेवाळच. जीवशास्त्राला विचारलं तर यांतल्या काहींचं एकमेकांशी नातं वडाच्या झाडाशी माणसाचं असतं तितकंही जवळचं नाही, आणि एक तर चक्क जिवाणू आहे. टाकीच्या दुनियेतली व्याख्या त्यामानाने सुटसुटीत आहे. उजेडावर जगणारं, दगडाला चिकटून राहणारं आणि मालकाला नको असलेलं ते शेवाळ. यातल्या पहिल्या दोन अटी प्रवाळालाही लागू पडतात. तिसऱ्या अटीवर पुढचा सगळा खर्च उभा आहे.

प्रवाळ उजेडावर जगतं हे अनेकांना चमत्कारिक वाटतं, कारण प्रवाळ हा प्राणी आहे. पण उथळ समुद्रातल्या बहुतेक प्रवाळांच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाचं एकपेशीय शैवाल वस्तीला असतं. ते उजेडात साखर तयार करतं आणि तिचा मोठा वाटा घरमालकाला देतं. भाडेकरूने भाडं वेळेवर, शिवाय जेवणाच्या रूपात दिल्याचं हे निसर्गातलं दुर्मीळ उदाहरण. पाणी फार तापलं की हे शैवाल प्रवाळातून बाहेर पडतं, प्रवाळ पांढरं पडतं आणि त्याची उपासमार सुरू होते. म्हणजे प्रवाळ पाळणारा माणूस मुळात शेवाळच पाळत असतो, फक्त दिलेल्या खोलीत राहणारं. त्यासाठी तो जे महागडे निळे-पांढरे दिवे लावतो, त्या दिव्यांना आतलं शैवाल कोणतं आणि बाहेरचं शेवाळ कोणतं हे ओळखता येत नाही.

पहिली चूक बहुधा पाण्यात होते. समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर असला, तरी टाकीसाठी समुद्र पिशवीतून आणावा लागतो, कारण शहराच्या किनाऱ्यावरच्या पाण्यात समुद्राखेरीजही बरंच काही असतं. दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार, या हिशेबाने ३०० लिटरच्या टाकीला अकरा किलोच्या आसपास खास मीठ लागतं. मीठ ठरल्यावर प्रश्न गोड्या पाण्याचा. स्वयंपाकघरातल्या आर.ओ.चं पाणी माणसाला चालतं, प्रवाळाला चालत नाही. त्या यंत्रात चवीसाठी थोडे क्षार मुद्दाम राखलेले असतात. टाकीला टी.डी.एस. मीटरवर शून्य दाखवणारं पाणी लागतं, आणि त्यासाठी आर.ओ.च्या पुढे डी-आयनायझेशनचं रेझिन जोडावं लागतं. हे न करता नळाचं पाणी वापरलं, तर त्याबरोबर सिलिकेट, फॉस्फेट आणि नायट्रेट येतात. टाकीतून बाष्प होऊन उडतं ते फक्त पाणी, बाकी सगळं खाली राहतं. रोज उडालेल्या पाण्याची भर नळाखाली तांब्या धरून करणारा माणूस म्हणजे शेवाळाला दररोज नेमाने पाणी घालणारा माणूस.

दुसरी गोष्ट दगडाची. समुद्रातून काढलेल्या, जिवाणूंनी आणि बारीक जिवांनी भरलेल्या दगडाला ‘लाइव्ह रॉक’ म्हणतात. जकार्तामध्ये ली चिन एंग यांनी १९६०च्या सुमारास असे दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकी चालवून दाखवली, तेव्हापासून या दगडांना मान आहे. भारतात मात्र कठीण सांगाडा बांधणारी सर्व प्रवाळं, काळं प्रवाळ आणि सी-फॅन हे २००१पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कागदोपत्री त्यांचा दर्जा वाघाचा आहे. मालवणला पाण्यात डोकं घालून प्रवाळ पाहायला हरकत नाही, खिशात घालून आणायला आहे. त्यामुळे कायदा पाळणाऱ्या इथल्या टाकीत बिनसांगाड्याची मऊ मंडळी असतात आणि दगड कोरडे किंवा कारखान्यात तयार केलेले. कोरडा दगड स्वच्छ असतो, स्वस्त असतो आणि पूर्ण रिकामा असतो. रिकाम्या प्लॉटचं काय होतं, हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात राहणाऱ्याला माहीत असतं. कुंपण घालायला मालक येईपर्यंत तिथे वडापावची गाडी, तिच्या शेजारी पंक्चरवाला आणि त्याच्यामागे कोणाचा तरी टेम्पो कायमचा उभा असतो.

टाकी भरल्यावर पहिले चार ते सहा आठवडे नायट्रोजनचं चक्र बसण्यात जातात. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि दोघांची वस्ती पुरेशी वाढेपर्यंत माशांना पाणी विषारी असतं. या काळात पाहण्यासारखं काही नसतं. पाहुणे येतात, वाकून बघतात, मासे दगडामागे लपले असतील असं समजून काचेवर टकटक करतात आणि मालकाच्या तोंडून नायट्राइटची माहिती ऐकून चहाची वाट पाहू लागतात.

चक्र बसता बसता डायटम येतात. एका सकाळी पांढऱ्याशुभ्र वाळूवर कोणी तपकीर सांडल्यासारखं दिसतं. डायटम एकपेशीय असतात आणि स्वतःभोवती सिलिकाचं, म्हणजे जवळजवळ काचेचंच, नक्षीदार कवच बांधतात. नवी वाळू, नवा दगड आणि नळाचं पाणी यांतून सुटणारं सिलिकेट हा त्यांचा कच्चा माल. हे कुळ मोठं घरंदाज आहे. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी सुमारे एक पंचमांश काम डायटम करतात, आणि आल्फ्रेड नोबेलने १८६७मध्ये पेटंट घेतलेल्या डायनामाइटमध्ये नायट्रोग्लिसरीन शोषून घेणारी जी माती होती, ती त्यांच्याच प्राचीन कवचांची. टाकीमालकाच्या मनात या आठवड्यात स्फोटकांचे विचार येतात, त्याचा या इतिहासाशी संबंध नाही. सिलिकेट संपलं की डायटम आपोआप ओसरतात. त्याच्या आदल्या दिवशी मालकाने जो काही उपाय केलेला असेल, तो मात्र पुढे अनेक वर्षं इतरांना खात्रीचा म्हणून सांगितला जातो.

डायटमच्या जागेवर हिरवे येतात, आणि खरा मुक्काम त्यांचाच. आधी काचेवर हिरवट धूर, मग दगडावर मखमल, मग केस. हे केसाळ शेवाळ बहुधा डर्बेसिया किंवा त्याच्यासारख्या जातींचं असतं. प्रवाहाबरोबर ते डोलतं तेव्हा प्रामाणिकपणे पाहिलं तर सुंदर दिसतं. पहिल्यांदा पाहणारे नातेवाईक हमखास म्हणतात, “अरे वा, किती हिरवंगार ठेवलंय!” या वाक्याने जितके हौशी लोक खचले आहेत, तितके मासे मेल्याने खचले नसतील.

केसाळ शेवाळाचं कारण मालक दिव्यात शोधतो, पाण्यात शोधतो, दुकानदारात शोधतो. ते बहुधा त्याच्याच चिमटीत असतं. टाकीत घातलेला प्रत्येक चिमूटभर दाणा नायट्रोजन आणि फॉस्फरस घेऊन येतो. तो मासा खातो, मासा विष्ठा टाकतो, उरलेलं वाळूत कुजतं, आणि टाकीत आलेलं काहीही आपणहून बाहेर जात नाही. समुद्राला भरती-ओहोटी आहे, टाकीला बादली आहे. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं तर दर लिटरमधल्या ४० मिलिग्रॅम नायट्रेटचं ३६ होतं, आणि पुढच्या रविवारपर्यंत ते पुन्हा ४० झालेलं असतं. त्यातून घरात एक अधिकृत अन्नदाता आणि दोन-तीन अनधिकृत असतात. मासे काचेजवळ येऊन तोंड उघडझाप करू लागले की आजोबांना ती भूक वाटते. माशाला ती सवय असते. सकाळी मालकाने मोजून घातलेलं, दुपारी आजोबांनी जीव कळवळून घातलेलं आणि संध्याकाळी नातवाने गंमत म्हणून घातलेलं यांची बेरीज कोणत्याच वहीत होत नाही, ती दगडावर होते.

येथे एक तांत्रिक फसगत सांगितली पाहिजे. दगड केसांनी झाकून गेलेला असताना पाणी तपासलं, तर नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट शून्य येतं. मालक ती परीक्षानळी उजेडात धरून सगळ्यांना दाखवतो. पाण्यात काहीच नाही, मग हे जगतं कशावर? ज्याअर्थी शेवाळ आहे त्याअर्थी ते पाण्यातलं आधीच खाऊन बसलेलं आहे. लग्नाच्या पंगतीत शेवटचा माणूस उठल्यावर पातेलं रिकामं दिसतं, त्यावरून स्वयंपाक झालाच नव्हता असं कोणी म्हणत नाही. शिवाय फॉस्फेटला दगडात मुरण्याची सवय आहे. पाण्यातलं कमी झालं की दगड ते हळूहळू परत सोडतो, त्यामुळे जुना वापरलेला दगड स्वस्तात मिळाला म्हणून आनंदणारा माणूस आधीच्या मालकाचं कर्जही बरोबर घेऊन येतो.

उपायांमध्ये सर्वांत परिणामकारक तो सर्वांत कमी आवडणारा आहे. हाताने उपटणं. दगड बाहेर काढून जुन्या टूथब्रशने बादलीतल्या खाऱ्या पाण्यात घासावा, जे सुटतं ते टाकीत न राहू देता नळीने ओढून घ्यावं आणि हे दर आठवड्याला करावं. जोडीला दिवे बारा तासांऐवजी आठ तास ठेवावेत, गोठवलेलं खाद्य गाळणीत धुऊन त्यातलं पाणी टाकून द्यावं, फेसाने पाण्यातली घाण काढणाऱ्या प्रोटीन स्किमरमधला दुर्गंधी काळा अर्क वेळेवर ओतून टाकावा. कोकणात पावसाळ्यानंतर अंगणातल्या चिऱ्यांवरचं शेवाळ काढायला ब्लीचिंग पावडर आणि खराटा हा उपाय पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे, मात्र घरातलं एखादं माणूस घसरून पडल्याखेरीज त्याला मुहूर्त लागत नाही. टाकीतही ब्लीचिंग पावडरने शेवाळ नक्की जातं. बाकीचंही सगळं जातं.

उपटण्याचा कंटाळा आला की माणूस नोकर ठेवतो. टाकीच्या सफाई पथकाची कल्पना जुनी आहे. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८४९-५०मध्ये गोड्या पाण्याच्या भांड्यात मासे आणि पाणवनस्पती ठेवल्या. वनस्पतीची पानं कुजून पाणी खराब होऊ लागलं तेव्हा त्यांनी गोगलगायी सोडल्या, आणि गोगलगायींनी कुजकी पानं खाल्ली. तेव्हापासून हा व्यवसाय गोगलगायींकडे आहे. खाऱ्या टाकीत त्यांचे प्रकार ठरलेले असतात. टर्बो जातीची गोगलगाय कामाला जबर, पण अंगाने इतकी धिप्पाड की वाटेतली चिकटवलेली प्रवाळं पाडत जाते. अ‍ॅस्ट्रिया गोगलगाय सुबक आणि कष्टाळू असते, मात्र उताणी पडली तर तिला पुन्हा सरळ होता येत नाही. त्यामुळे तिच्या मालकाला रोज सकाळी हात खांद्यापर्यंत ओला करून तिला उभं करावं लागतं. हर्मिट खेकडा शेवाळ थोडं खातो आणि गोगलगाय जास्त, कारण त्याला तिचा शंख राहायला हवा असतो. सी-अर्चिन, म्हणजे तो काट्यांचा चालता गोळा, दगड अक्षरशः खरवडून साफ करतो. त्याच्या टक्सिडो नावाच्या जातीला अंगावर काहीतरी पांघरायची हौस असते, आणि ते काहीतरी बहुधा टाकीतलं सर्वांत महागडं प्रवाळ असतं.

या पथकात सी-हेअरची जागा वेगळी आहे. उशीसारखा मऊ, बिनशंखी दिसणारा हा गोगलगायींचा भाऊबंद केसाळ शेवाळ अशा वेगाने खातो की आठवड्याभरात दगड उघडा पडतो. मग खाण्यासारखं काही उरत नाही आणि तो उपाशी मरायला लागतो. म्हणून जाणते लोक तो एकमेकांना उसना देतात. गावात एकाच घरची मोठी पातेली जशी सगळ्यांच्या लग्नकार्यांत फिरतात, तसा एक सी-हेअर पाच-सहा घरं फिरतो. टँग वर्गातले मासेही शेवाळ खाण्यासाठी आणले जातात. घरी आल्यावर या माशाच्या आरोग्यासाठी वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा नोरी नावाचा कागद विकत आणून काचेला चिमट्याने लावावा, असं सगळे सांगतात. ज्या टाकीतलं शेवाळ संपवायला मासा आणला, त्या टाकीत माशासाठी पाकिटबंद शेवाळ घातलं जातं. मासा ताजं सोडून पाकिटातलं खातो, आणि त्याची विष्ठा पुन्हा दगडावरच्या केसांच्या उपयोगी पडते.

तरीही चरणाऱ्या जिवांचं महत्त्व हा दुकानदारांचा बनाव नाही, ते खुद्द समुद्राने दाखवून दिलं आहे. १९८३मध्ये पनामाजवळून सुरू झालेल्या एका रोगाने कॅरिबियन समुद्रातले लांब काट्यांचे डायडेमा अर्चिन वर्षभरात नव्वद टक्क्यांहून जास्त मारले. जमैकात शेवाळ खाणारे मासे माणसांनी आधीच पकडून संपवले होते, १९८०च्या चक्रीवादळाने प्रवाळ मोडलं होतं, आणि दगड साफ ठेवण्याचं काम एकट्या अर्चिनवर येऊन पडलं होतं. ते गेल्यावर केसांचं राज्य आलं. १९७०च्या दशकाच्या अखेरीला जिथे तळाचा अर्ध्याहून अधिक भाग प्रवाळाने व्यापलेला होता, तिथे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तो पाच टक्क्यांच्या खाली आला आणि मोठ्या शेवाळाचा वाटा ४ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेला. दिवाणखान्यातल्या टाकीत जे दिसतं, ते तिथे किनाऱ्याच्या किनाऱ्यावर दिसलं, आणि टूथब्रश घेऊन जायला तिथे कोणी नव्हतं.

हिरव्याशी झुंज चालू असताना वाळूवर लाल साय धरते. ही सायनोबॅक्टेरिया, म्हणजे वर सांगितलेला तो जिवाणू. पाणी जिथे मंद फिरतं आणि कचरा साचतो तिथे ती आधी येते. सकाळी फिकट असते, दिवे लागल्यावर गडद होत जाते, आणि संध्याकाळी, बरोबर पाहुणे येण्याच्या वेळी, ऐन रंगात असते. नळीने ओढली तर पुरणपोळीवरचा पापुद्रा सुटावा तशी अख्खी निघते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत येते. हिला हाकलताना थोडा आदर ठेवायला हरकत नाही. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन साठू लागला तो सायनोबॅक्टेरियांमुळे. प्रवाह वाढवणं, साचलेली घाण ओढणं आणि तीन दिवस टाकीला संपूर्ण अंधार देणं हे साधे उपाय. एरिथ्रोमायसिनसारखं प्रतिजैविक घातलं तरी ती मरते, कारण ती जिवाणू आहे. पण मरून कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाली ओढते आणि मासे पृष्ठभागावर धापा टाकू लागतात. पृथ्वीला ऑक्सिजन देणाऱ्या कुळाने टाकीत त्याचा असा हिशेब चुकता करावा, यात तिचा काही हेतू नसतो.

इथपर्यंत आलेला मालक चिडलेला असतो, आणि पुढचं संकट त्याच्या चिडण्यातून जन्म घेतं. तो फॉस्फेट शोषणारी लोहाची लालसर खडी आणतो, नायट्रेट उतरवणारे जिवाणू आणि त्यांचं खाद्य म्हणून व्हिनेगर-व्होडकासारखा कार्बन घालू लागतो (व्होडका टाकीसाठी आहे हे घरात पटवायला वेळ लागतो), माशांना एक दिवसाआड जेवण देतो आणि रोज परीक्षानळ्या हलवतो. अखेर आकडे खरोखरच शून्यावर येतात. दगड पांढरे दिसतात. तो फोटो काढतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाळूवर तपकिरी, लोंबणारा, टोकाला बुडबुडा धरलेला शेंबूड दिसतो.

हे डायनोफ्लॅजेलेट. बाकी सगळ्या शेवाळांची उपासमार झाली, प्रतिस्पर्धी मेले आणि मैदान मोकळं झालं की ते येतात. अस्वच्छ टाकीपेक्षा अतिस्वच्छ टाकीत ते अधिक सुखी असतात, आणि हे पचवणं टापटिपीच्या माणसाला फार जड जातं. त्यांतल्या ऑस्ट्रिऑप्सिससारख्या जाती विषारी असतात, त्या खाऊन सफाई पथकातल्या गोगलगायी मरतात. या नावाची दहशत टाकीपुरती नाही. २००५च्या उन्हाळ्यात इटलीतल्या जेनोआच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रिऑप्सिसचा बहर आला आणि समुद्रावरून येणारी हवा हुंगून सुमारे दोनशे लोकांना दवाखाना गाठावा लागला. प्रवाळाच्या पेशीत गुण्यागोविंदाने राहणारी ती झूझँथेली मात्र याच डायनोफ्लॅजेलेट घराण्यातली आहे. एक भाऊ घर चालवतो, दुसरा उकिरडा फुंकतो, अशी घराणी मराठी माणसाला नवी नाहीत.

डायनोचा इलाज करायचा तर कोणता डायनो हे ओळखावं लागतं, आणि त्यासाठी मालक सूक्ष्मदर्शक विकत घेतो. मुलाच्या अभ्यासासाठी, असं सांगून घेतो. थेंबाच्या आकाराची पेशी टोकावर भिंगरीसारखी फिरताना दिसली तर ऑस्ट्रिऑप्सिस. तो रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगतो, तेव्हा यू.व्ही. दिव्याच्या नळीतून पाणी फिरवलं की मरतो. वाळूत सरपटणारा अ‍ॅम्फिडिनियम दिसला तर तोच दिवा निरुपयोगी, कारण तो रात्रीसुद्धा घर सोडत नाही. दोन्हींसाठी पहिली पायरी मात्र एकच आहे. शून्यावर आणलेलं नायट्रेट ५ मिलिग्रॅमच्या आसपास आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१पर्यंत परत वर न्यायचं. म्हणजे जे शोषून घ्यायला पैसे दिले, तेच आता बाटलीतून विकत आणून थेंबाथेंबाने घालायचं. अ‍ॅम्फिडिनियमवर तर सिलिकेट घालतात, कारण सिलिकेटने डायटम वाढतात आणि डायटम वाळूतली जागा बळकावून डायनोला हुसकतात. पहिल्या महिन्यात ज्या तपकिरी भुकटीला शिव्या घातल्या, तिची आठव्या महिन्यात विनवणी करून पायघड्या घालाव्या लागतात.

किरकोळ प्रकार थोडक्यात. हिरवी गोटी म्हणजे व्हॅलोनिया. तिच्यातली एक जात नखाहून, कधी सुपारीहून मोठी होते आणि ती सगळी एकच पेशी असते. ती टाकीत फोडू नये, अख्खी अलगद काढावी, असं सगळे सांगतात. गोटी दिसल्यावर दाबून पाहण्याचा मोह मात्र प्लास्टिकचे फुगे फोडणाऱ्या मनुष्यजातीला आवरत नाही. एमराल्ड खेकडा ती खातो, लहर लागली तर. पिसासारखं ब्रायॉप्सिस सहसा कोणी खात नाही. त्यावर फ्लुकोनॅझोल, म्हणजे माणसाच्या बुरशीसंसर्गावरची गोळी, चालते असा अनुभव आहे. औषधाच्या दुकानात ही गोळी दगडासाठी हवी आहे असं सांगून चालत नाही, त्यामुळे प्रामाणिक माणसांची पंचाईत होते.

शेवाळाशी तहाचा मार्ग म्हणजे रेफ्युजियम. मुख्य टाकीखालच्या कपाटात एक वेगळा कप्पा करून त्यात मुद्दाम शेवाळ वाढवायचं, वर रात्री दिवा लावायचा, आणि वरच्या मजल्यावरचं नायट्रेट-फॉस्फेट खाली खपवून ते शेवाळ महिन्याला उपटून टाकायचं. वर उपटायचं ते तण, खाली उपटायचं ते पीक. कल्पना नवी नाही. १८४६मध्ये अ‍ॅना थिन या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्कीहून दगडी बरणीत जिवंत प्रवाळ लंडनला नेलं, तेव्हा पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण ते पाणी उघड्या खिडकीशी रोज एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत बसायची. पुढच्या वर्षी बाईंनी भांड्यात समुद्री शेवाळ आणून ठेवलं आणि मोलकरणीची सुटका झाली. घरातल्या पहिल्या प्रवाळटाकीत शेवाळ होतं ते पाहुणा म्हणून.

या कप्प्यासाठी कीटोमॉर्फा चांगलं. ते गुंतलेल्या लोकरीसारखं असतं आणि कुठे चिकटत नाही. कॉलर्पा जातीचं शेवाळ दिसायला जास्त देखणं असतं, पण कधी कधी एका रात्रीत प्रजननाच्या भरात विरघळून अख्खं पाणी दुधाळ करून टाकतं. त्यातल्या टॅक्सिफोलिया जातीचा इतिहास आणखी वाईट आहे. १९८४मध्ये मोनाकोच्या समुद्री संग्रहालयाखाली तिचा जेमतेम चौरस मीटरचा पट्टा दिसला, आणि मत्स्यालयातून सुटलेली ही जात पुढे फ्रान्सपासून क्रोएशियापर्यंत पसरली. २०००मध्ये ती कॅलिफोर्नियाच्या एका खाडीत सापडली, तेव्हा प्रशासनाने तिच्यावर ताडपत्र्या घालून खाली क्लोरिन सोडला आणि २००६मध्ये ती संपल्याचं जाहीर केलं. म्हणजे शेवटी उपाय कोकणातल्या अंगणाचाच, फक्त लाखो डॉलर जास्त लागले.

सहा-आठ महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा, दगडावर सुईच्या टोकाएवढे जांभळे-गुलाबी ठिपके दिसू लागतात. हे कोरलाइन शैवाल. तेही लाल शैवालांच्या कुळातलं, पण अंगात कॅल्शियम कार्बोनेट भरून दगडावर रंगाचा कडक लेप देतं आणि दुसऱ्या कोणाला तिथे सहज बसू देत नाही. प्लॉटला अखेर कुंपण पडतं. त्याची वाट पाहवत नाही म्हणून काही जण ते बाटलीत भरलेलं विकत आणतात, कॅल्शियम ४०० ते ४५० मिलिग्रॅममध्ये राखतात आणि प्रत्येक नव्या ठिपक्याचा फोटो काढतात. दगड जांभळे होतात, त्यानंतर पंप जांभळा होतो, नळ्या जांभळ्या होतात आणि मग पुढची काच. पंपाचा आवाज वाढला की तो काढून व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजत घालावा लागतो. काचेवरचा लेप स्पंजने निघत नाही, त्यासाठी ब्लेड लावलेली खरवडणी मिळते, आणि ती दर रविवारी सकाळी वापरावी लागते.